लावून टाका एकदाचा

टण् — डालड्याच्या डब्याच्या झाकणावर मातीचा खडा पडला, आणि भर दुपारची शांतता मोडली.

आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली धानकापणीचे ते दिवस. सारं गाव वावरात, माझी सासू गुणाबाई परसात, आणि चार वर्षांची कौसी खाटेवर झोपलेली. मी मिठाचा डबा उघडला, तर त्यातही माती. भिंतीतली ही आलमारी माझ्या नवऱ्यानं हौसेनं केली होती. फळ्या बसवल्या, आणि कडेच्या पट्ट्या लावायच्या आधीच तापानं गेला. दोन वर्षं झाली. तेव्हापासून फळीच्या फटीतून माती गळायची — मिठात, साखरेत, कौसीच्या दुधात. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "गळ. अजून गळ. सारीच पड एकदाची माह्या डोक्यावर."

"पडत नाई ते," मागून आवाज आला. "निसतं पोट सुटलं आहे तिचं."

दारात एक उंच माणूस उभा, खांद्यावर हत्यारांची पेटी. सिंदेवाहीचा खुशाल वाढई. आमच्याच गावच्या गुणवंतरावांकडे दाराच्या चौकटी बसवायला निघालेला हा सुतार घर चुकला होता. पाणी मागितलं, दिलं. प्यायला, तांब्या खाली ठेवला, आणि गुणवंतरावांचं घर विचारायचं सोडून फळीच्या कडेवरून बोट फिरवत उभा राहिला... लांब, सावकाश बोट. नखात सागाचा भुसा. गुणाबाई परसातून आली तेव्हा तिला म्हणाला, दोन दिवसांचं काम आहे.

दोन दिवस!

पट्टी लावायचा, एक डोळा मिटून पाहायचा, काढायचा. रंध्याचे दोन हात मारायचा, पुन्हा लावायचा... पुन्हा काढायचा. भिंत वाकडी, तर पट्टीनंही तिच्या वाकानं गेलं पाहिजे म्हणे. आणि माझा सारा संसार जमिनीवर. हळदीच्या डब्याला ठेच लागते म्हणून वाचवावं, तर तिखटाच्या डब्यात पाय.

"वाढईभाऊ, चवथा दिवस आहे आज."

"भाऊ नोका म्हणू, बाई."

"मंग काय म्हणू?"

"निसतं वाढई म्हणा. भाऊ म्हटलं का... हात हालते."

"तरीच पट्ट्या तिरप्या लागून राह्यल्या."

"तिरपी भिंत आहे. पट्टी सरळ आहे — तुमच्यासारखी. बोलाले जराशी टोचते, एवढंच."

मी सूप आपटून आत गेले. आत गेल्यावर हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

मग खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून त्यानं खिळ्यांची भोकं बुजवली. कौसीनं त्यातला गोळा पळवून बाहुली केली. मी तिच्या पाठीत धपाटा घालणार, तोवर त्यानं बाहुलीला काडीनं डोळे काढून दिले, आणि पुन्हा नवा गोळा मळत बसला. गेला अर्धा दिवस.

रंग मी तपकिरी सांगितला होता. मळ दिसत नाही. त्यानं हिरवा आणला. तपकिरी मिळाला नाही, म्हणाला. अख्ख्या चांद्यात? मी विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "पाहिलाच नाई."

आता रंग वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मला कुठला धीर! निदान एक तरी डबा जागेवर जावा म्हणून मी ठेवायला गेले, आणि ओली पट्टी मनगटाला घासली. गोल हिरवी रेघ उठली... दोन वर्षांत त्या मनगटावर हिरवं काही चढलं नव्हतं. मी रॉकेलचा बोळा घेऊन खसाखसा घासायला लागले. खुशालनं पाहिलं, आणि पाठ फिरवून धुतलेला ब्रश पुन्हा धुवत बसला. गुणाबाईनं माझ्या हातातून बोळा काढून घेतला. "राहू दे," म्हणाली. "जाते आपोआप."

गुणाबाई माझं पुन्हा लग्न लावून द्यायला तयार होती. दोघं येऊनही गेले होते. दोघांचं म्हणणं एकच — बाई पाहिजे, लेकरू नको. लेकरू पहिल्या घरीच ठेवायची रीत आहे आमच्यात. दोघांनाही मी चहा पाजून वाटेला लावलं. कौसीवाचून मला कुठंही जायचं नव्हतं, सोन्याच्या घरीसुद्धा.

नवव्या दिवशी रंगाचा दुसरा हात वाळला. आलमारीच्या तळाशी मात्र फळी नव्हती, नुसती माती. खुशाल बराच वेळ ब्रश पुसत तिथं उभा होता. मग खालच्या आवाजात म्हणाला,

"बाई... पाट लावायचा काय?"

मला वाटलं, तळाशी रुंद फळी बसवायची म्हणतो. म्हणजे पुन्हा रंधा, पुन्हा रंग, पुन्हा चार दिवस! माझं डोकंच फिरलं.

"लावायचा तं लावून टाका एकदाचा. रोज रोज काय घोळ घालून राह्यले?"

त्याच्या हातातला ब्रश पडला. अंगणात गुणाबाई धान पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. विधवेच्या दुसऱ्या लग्नालाच आमच्यात पाट म्हणतात. माझी कानशिलं तापली.

"मी... खालच्या फळीचं बोलली."

"मी फळीचं नाई विचारून राह्यलो." त्यानं ब्रश उचलला, पण मान काही उचलली नाही. "फळीले मी फळीच म्हणतो."

मी कौसीकडे पाहिलं. "माही पोरगी—"

"पोरीसकट विचारून राह्यलो. सासूबाईसकट. मले तिकडं कोणी नाई... म्हणान तं मीच इथी येतो."

"मले काऊन मधात ओढतं रे?" गुणाबाई अंगणातून म्हणाली. "एका आलमारीले नऊ दिवस लावले, संसाराले किती लावशीन?" पण तिचा आवाज ओला होता, आणि सूप अजून थांबलेलंच.

मी फळीचंच बोलले, एवढं पुन्हा म्हटलं असतं तर तो पेटी उचलून मुकाट निघून गेला असता. तसाच माणूस होता तो.

"बोलली ते बोलली," मी म्हटलं. "वापस घेत नाई."

खुशाल हसला... नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कौसीनं माझा पदर ओढला. तिला पाट म्हणजे जेवायला बसायचा, एवढंच ठाऊक. चुलीमागं भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटाकडे तिनं बोट केलं.

"आई, बाबाचा पाट या वाढईले देऊन राह्यली काय? मंग बाबा आला तं कुठी बसन?"