उलट दिशेची ऊर्जा

सकाळी नऊला ती खिडकीसमोरच्या टेबलाशी बसली आणि रोजच्यासारखा स्फटिक टेबलावर आखलेल्या खुणेच्या रेषेवर ठेवला. काळा, वाटाण्याएवढा, एका अंगानं आरशासारखा. तळमजल्यावरच्या भट्टीत तिच्या नवऱ्यानं वाढवलेला हा शेवटचा. सगळे त्याला भट्टीवालाच म्हणत. "तू कागदावर शिजव, मी आगीवर शिजवतो. बघू, कुणाचं आधी शिजतं," असं तो तिला चिडवायचा. आठ महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी तो समोरच्या डोंगरावर चढायला गेला, तो परतलाच नाही. शोधणाऱ्यांनी महिनाभरात हात टेकले.

तिचं काम हिशेबाचं. स्फटिकातला अणू न् अणू म्हणजे इवलासा चुंबक. त्यांनी तोंड कुठे करायचं ते दोन कोनांनी संगणकाला सांगायचं. मग इलेक्ट्रॉनांचं गणित सुटून त्या दिशेची ऊर्जा निघते. ऊर्जा सर्वांत कमी जिथे, तिथे स्फटिकाचा जीव रमतो.

त्या दिवशी तिनं दिशा दिली सरळ वर. उत्तर आलं कललेलं, कमीत कमी ऊर्जा भलत्याच दिशेला. चूक असेल म्हणून पुन्हा केलं. तेच.

"ताई, माझ्याकडे तर सरळच येतंय," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "फाईल तीच, आकडे तेच."

तिला राहवेना. कोनमापक काढून तिनं स्फटिकापाशी पट्टी धरली. टोक खिडकीतून थेट डोंगरमाथ्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी टोक उतारावर होतं. मग पायथ्याच्या झाडीवर. मग नदीच्या पुलावर.

तो येतोय, हे ती कुणाला बोलली नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण केस नीट विंचरून येऊ लागली. उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा.

पुलावर मात्र कोन अडकला. चार दिवस हललाच नाही. पाचव्या दुपारी ती स्वतःच पुलावर जाऊन उभी राहिली. माणसं आली, गेली. तो नव्हता.

परतल्यावर तिनं सहकाऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही.

"ताई, एक बोलू? दिशा उलटी घेतली तरी ऊर्जा तीच येते. बाणाचं टोक कुठलं आणि शेपूट कुठली, ते हा आकडा सांगत नाही."

त्यानं खिडकीच्या गजाला दोरा बांधला, पट्टीच्या रेषेत स्फटिकावरून मागे ओढत आणला. दोरा तिच्या डाव्या खांद्यावरून गेला.

वीतभर मागे त्याचा हात कशाला तरी अडला.

चटका बसावा तसा त्यानं तो मागे घेतला. दोरा सुटून तिच्या मांडीवर पडला. तिच्या खांद्यामागे पाहायचं टाळत तो भिंतीच्या कडेकडेनं बाहेर गेला.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त खुर्ची जराशी पुढे सरकवली, मागे उभं राहायला नीट जागा व्हावी म्हणून.