पंचविसावा शिंजीर

कुंभेघाट प्रयोगशाळेतल्या पडद्यावर आकडा उमटला: सहाशे चार. डॉ. वासंती तेंडोलकरांनी तो दोनदा वाचला आणि टेबलावर हात आपटला.

ताम्रकंठी शिंजीर, अंगठ्याएवढा पक्षी, जगात फक्त याच जंगलात उरला होता. नव्या कायद्यानुसार पाचशेच्या वर संख्या गेली की जात दुर्मीळ राहत नाही आणि तिच्या जंगलाचं संरक्षण संपतं. या जंगलाखाली बॉक्साइट होतं. खाणवाले याच आकड्याची वाट पाहत दबा धरून बसले होते.

"यातले खरे किती?" त्यांनी विचारलं.

हेरंब दळवीने मान खाली घातली. यंत्रशिंजीर त्यानेच बनवले होते. हा पक्षी बांडगुळाच्या मधावर जगतो आणि चोचीने दाबल्याशिवाय त्या बांडगुळाची कळी उघडत नाही. पक्षी घटले तशा कळ्या मिटलेल्याच गळू लागल्या. म्हणून कळ्या उघडायला सहाशे यंत्रं सोडली होती. त्यातली किती बिघडली, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

झाडांवरचं गणनायंत्र पक्षी ओळखायचं ते पंखांच्या आवाजावरून. खरे पक्षी बिचकू नयेत म्हणून यंत्रांचा आवाज हुबेहूब तसाच हवा, हा हट्ट वासंतीबाईंचा. तीन नमुने त्यांनी किंचित फरकासाठी परत पाठवले होते. तो काटेकोरपणा आता त्यांच्याच अंगाशी आला होता.

त्यांनी गणना समितीच्या सचिवांना फोन करून सगळं सांगितलं. कायदा फक्त गणनायंत्राचा आकडा मानतो, असं ते थंडपणे म्हणाले. हवं तर सोमवारच्या अंतिम गणनेपर्यंत यंत्रं बंद करा, नाहीतर राहू द्या.

शनिवारी सगळी यंत्रं बंद केली. रविवारी आकडा आला: नऊ.

वनरक्षक सगुण गावडे दारात उभा होता. तो रोज पायी जंगल फिरायचा. "मॅडम, मी दोन वर्सां सांगतंय," तो म्हणाला. "खरे दिसनत नाय. एक नर बसलो काय दुसरो त्या झाडार येना नाय. तुमच्या यंत्रांचो आवाज आयकान खरे निघान गेले."

त्याने खरंच सांगितलं होतं. पडद्यावरचा आकडा फुगतोय म्हणून बाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली.

मग त्यांनी कायद्याचं पुढचं कलम वाचलं. पंचवीसहून कमी पक्षी असतील तर ती जात वाचवण्यापलीकडे गेली असं समजावं. उरलेले पक्षी पिंजऱ्यात हलवावेत आणि जंगल मोकळं करावं. जास्त भरले तरी तोडा, कमी भरले तरी तोडा. ज्या हातांनी हे कलम लिहिलं, त्यांना पक्ष्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त जमीन हवी होती.

"हेरंब, सोळा यंत्रं सुरू कर."

"मॅडम, हा खोटेपणा आहे."

"आहे. सचिवांनीच सांगितलंय, कायदा गणनायंत्राचाच आकडा मानतो. मग तोच देऊ. सोळाही यंत्रं खालच्या उतारावर ठेव. खऱ्यांच्या झाडांजवळ एकही नको."

हेरंबने विचारलं, "आणि त्या नऊपैकी एक मेला तर?"

"मग सतरा."

सोमवारी गणनायंत्राने पंचवीस मोजले. खाणवाल्यांचा अर्ज फेटाळला गेला आणि जंगल राहिलं.

सहा वर्षांनी समितीचं अभिनंदनाचं पत्र आलं. इतकी स्थिर संख्या देशात दुसऱ्या कुठल्याच दुर्मीळ पक्ष्याची नाही, असं सचिवांनी लिहिलं होतं. वासंतीबाईंनी पत्र वाचून खिडकीबाहेर पाहिलं. बांडगुळं तांबड्या कळ्यांनी लहडली होती. हेरंबने त्याच सकाळी पंचविसावं यंत्र सुरू केलं होतं.