फसवी उकळी

दूध तापलं हे कसं ओळखायचं? त्यात काय विचारायचं, तुम्ही म्हणाल. वर आलं की तापलं, गॅस बंद! शाल्मलीलाही असंच वाटत होतं. आणि म्हणूनच त्या दिवशी दुपारी साडेचार वाजता तिचे आबा न्हाणीघरात भडाभडा ओकत होते आणि दाराबाहेर ती भिंतीला चिकटून उभी होती.

हे घडलं चंद्रावर. तिथल्या वस्तीत आठच माणसं राहायची. अकरा वर्षांची शाल्मली, तिचे आजोबा म्हणजे रसायनशास्त्रज्ञ आबा, आई-बाबा आणि आणखी चौघं. सामानाचं यान दोन महिने लांबलं होतं. दूधभुकटी संपली, डाळींच्या डब्यांनी तळ दाखवला. उरलं होतं ते काचघरात पिकवलेलं सोयाबीन.

"त्याचं टोफू करू," आबा म्हणाले होते. "सोयाबीनच्या दुधाचं पनीरच समज."

आज मोठी माणसं बाहेर दुरुस्तीला गेली होती आणि आबांचा डोळा लागला होता. तेव्हा शाल्मलीने पदर खोचला. म्हणजे पदर नव्हता, पण आव तोच. मदतीला ढवळ्या होता. ढवळ्या म्हणजे स्वयंपाकघरातला पांढरा यंत्रमानव, ढवळण्यात पटाईत आणि विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा.

टोफू झालं खरं. जरा भुसभुशीत, जरा उग्र वासाचं. आबांनी उठल्यावर कौतुकाने त्याचे चांगले चार-पाच तुकडे खाल्ले. तासाभरात त्यांच्या पोटात मुरडा आला.

शाल्मलीने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजता सहा भुकेली माणसं परत येणार. त्यांच्या ताटात हेच टोफू पडणार. आणि वस्तीतलं हवा शुद्ध करणारं यंत्र दर चार तासांनी माणसाने हाताने साफ करावं लागे. सगळेच आडवे पडले तर ते कोण करणार? त्यापुढचा विचार करायची तिची छाती झाली नाही.

गुपचूप फेकून द्यावं का सगळं? आबांना दुसरंच काही बाधलं असेल, असं म्हणता येईल. पण उद्या पुन्हा कुणीतरी तसंच टोफू करेल. आणि तेव्हा?

दार उघडलं. आबांचा चेहरा पार उतरला होता.

"आबा, माझ्या टोफूनेच झालं हे," शाल्मली रडतच म्हणाली. "तुम्ही मरणार का?"

"आज तरी विचार नाही," आबा खाटेवर टेकत म्हणाले. "डोळे पूस. तुला कुणी रागावणार नाही. पण काय काय केलंस ते सांग, काही लपवू नकोस."

तिने सांगितलं. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन पाणी घालून वाटलं, फडक्यातून दूध पिळून काढलं, तापवलं, लिंबू पिळून फाडलं आणि कापडात बांधून वजनाखाली ठेवलं.

"तापवलंस, ते कुठवर?"

"वर येईपर्यंत. भसकन वर आलं, आबा! पातेल्याच्या काठावर हा एवढा फेस! मी लगेच शेगडी बंद केली. आई दूध तसंच तापवते."

"ढवळ्या, त्या वेळी दुधाचं तापमान किती होतं?"

"ऐंशी अंश," ढवळ्या म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?" शाल्मली ओरडली.

"तू विचारलं नाहीस."

आबांना तशातही हसू आलं. "ऐंशी! अगं, म्हणजे ते उकळलंच नव्हतं. याला फसवी उकळी (नुसत्या फेसामुळे उकळल्याचा होणारा भास) म्हणतात. रिठा पाण्यात घुसळला की फेस येतो ना? रिठ्यात असतं तसलंच सॅपोनिन (फेस करणारं द्रव्य) सोयाबीनमध्येही असतं. दूध जरा तापलं की त्या फेसात हवा आणि वाफ अडकते आणि तो फुगून वर येतो. त्यात चंद्रावर वजन सहापट कमी. फेसातलं पाणी लवकर निथळत नाही, म्हणून इथे फेस आणखीच माजतो. उथळ पाण्याला खळखळाट फार!"

"पण नाही उकळलं तर पोट का बिघडावं?"

"बी कच्चं खाऊन कुणी फस्त करू नये म्हणून सोयाबीनने एक पहारेकरी ठेवलाय. पाचकरोधक (पचन अडवणारं प्रथिन). आपल्या पोटात विकरं (अन्नाचे बारीक तुकडे करणारी द्रव्यं) असतात. हा पहारेकरी जाऊन त्यांचे हातच धरून ठेवतो. मग अन्न पचत नाही आणि पोट बंड करतं. पहारेकऱ्याला मोडायचं तर खरी उकळी हवी, आणि तीही चांगली पंधरा मिनिटं."

उद्यासाठी भिजवलेलं सोयाबीन शिल्लक होतं. पहिलं टोफू खताच्या टाकीत गेलं.

"आता तुम्ही करा, आबा. मला भीती वाटते."

"मला उभं राहवत नाही गं. तू कर, मी इथून बघतो. भीती वाटते म्हणतेस, चांगलंच आहे. आज तू नीट लक्ष देशील."

शाल्मलीने दूध काढून पातेलं चढवलं. या वेळी तिने ढवळ्याला दर मिनिटाला तापमान सांगायला बजावलं.

"साठ... सत्तर... ऐंशी."

भसकन फेस वर आला. तिचा हात आपोआप बटणाकडे गेला. तिने तो मागे ओढला आणि फक्त आच कमी केली. ढवळ्या ढवळत राहिला. हळूहळू फेस खाली बसला.

"नव्वद... पंचाण्णव... शंभर."

वस्तीच्या बंद घुमटात हवेचा दाब पृथ्वीइतकाच ठेवलेला होता, त्यामुळे उकळीही शंभरलाच आली. आता तळापासून मोठाले बुडबुडे फुटत होते. तिने घड्याळ लावून पंधरा मिनिटं मोजली. उग्र वास कधी गेला ते तिला कळलंही नाही. लिंबाने दूध जाड गुठळ्यांनी फाटलं आणि वजनाखालून निघालेली वडी सुरीने स्वच्छ कापली गेली.

मंडळी परतली तेव्हा शाल्मलीने सगळं सांगून टाकलं. आईने कपाळाला हात लावला, बाबा आबांकडे धावले. आबांनी हातानेच ठीक असल्याची खूण केली.

"आधी मी खाऊन बघतो," बाबा म्हणाले. पण ते हात पुढे करेपर्यंत शाल्मलीने एक तुकडा तोंडात टाकून गिळलाही होता.

"मी केलंय ना? मग आधी मीच."

आता बोलून उपयोग नव्हता. सगळे टेबलाभोवती बसून राहिले. आबांना त्रास व्हायला तास लागला होता, म्हणून दीड तास थांबायचं ठरलं. टोफू समोर होतं आणि कुणी हात लावत नव्हतं. घड्याळाचा काटा हलता हलेना. शाल्मलीला एकदा मळमळल्यासारखं वाटलं, मग वाटेनासं झालं, मग पुन्हा वाटलं. भीतीच ती, पोटातच बसते.

पावणेआठ वाजायच्या सुमारास तिच्या पोटातून गुर्रर्र असा दणदणीत आवाज आला.

आई ताडकन उठली. "दुखतंय?"

शाल्मलीने पोटावर हात ठेवला. सगळे तिच्याकडे वळले.

"नाही," ती म्हणाली. "भूक लागलीय. एका तुकड्यावर किती वेळ बसू?"

एकच हशा पिकला. कुणी मीठ शोधायला धावलं, कुणी तवा तापवायला. आबांनी मात्र जागेवरूनच थाळी पुढे केली.

"मला चमचाभरच वाढ. पुढच्या यानाने वीस माणसं येतायत. त्यांना टोफू शिकवायचं कुणी, हे आज ठरलं."

"आबा, तुम्ही पुन्हा खाणार? माझ्या हातचं?"

"तुझ्या हातचं म्हणूनच," आबा म्हणाले.

शाल्मलीने वाढलं. अगदी मोजून, चमचाभरच.