तिया पुरिंगची रांग

मुलाखतीला निघालेल्या मुलीनं वाटेत मयताच्या घरी जावं की जाऊ नये, यावरून मायलेकींचं सकाळपासून वाजलं होतं. शेवटी आई जिंकली. ती नेहमीच जिंकायची.

"तिया पुरिंग म्हणजे तुझ्या बापाची सख्खी आत्या. घर रस्त्यावरच आहे. दोन मिनिटं तोंड दाखव आणि जा."

"नानाय, त्या घरातून दोन मिनिटांत आजवर कुणी सुटलंय का?"

अर्लीनचं म्हणणं खरंच ठरलं. अंगणात ताडपत्री ताणली होती. तिच्याखाली रात्रभराच्या जागरणानं डोळे तांबारलेली माणसं पत्ते कुटत होती. बिस्किटांचे डबे फिरत होते आणि डब्याबरोबर एकेका तियाच्या, म्हणजे आत्या-मावश्यांच्या, तोंडून तोच एक प्रश्न फिरत होता.

"काय गं इंदाय, पोरी, लागली का नोकरी?"

"नाही, तिया."

"अगं बाई! नर्सिंगच्या बोर्डाची परीक्षा पास होऊन किती दिवस झाले?"

अर्लीन कॉफीच्या घोटाबरोबर उत्तर गिळून टाकत होती. काय सांगणार? इलोइलो शहरातलं एक हॉस्पिटल तिनं सोडलं नव्हतं. सगळीकडे एकच पाढा होता. अनुभव आणा. आणि तो मिळावा म्हणून कामावर घ्यायला कुणी तयार नाही. अनुभव बाजारात किलोवर मिळाला असता तर आईनं मासळीच्या टोपलीबरोबर डोक्यावरून आणला असता. आता नदीकाठच्या त्या जुन्या हॉस्पिटलात नव्या नर्ससाठी वर्षभराची शिकाऊ जागा निघाली होती. जागा एकच. बोर्ड पास होऊन दोन वर्षं उलटली की दार बंद, आणि अर्लीनची दोन वर्षं याच महिन्यात भरत होती. ही जागा गेली तर तिला कुवेतला मावसबहिणीकडे पाठवायचं ठरलं होतं, परक्या घरातली भांडी घासायला.

शवपेटीच्या काचेखाली तिया पुरिंग ओठ घट्ट मिटून निजल्या होत्या. जिवंतपणी तो प्रश्न सगळ्यांत आधी त्यांचा असायचा. सारी हयात त्यांनी सरकारी दवाखान्यात दाईचं काम केलं होतं आणि लसीच्या दिवशी अख्ख्या वस्तीची रांग एका हातपंख्यावर चालवली होती. पंखा टप् करून मिटला की पुढच्यानं यायचं. घरातही तेच. प्रश्न विचारायच्या, पंखा मिटायच्या, उत्तर द्यायलाच लागायचं. तो पंखा त्यांच्या बोटांत ठेवला होता. गुडघ्यांना चोळायच्या त्या कापूर-पुदिन्याच्या तेलाचा वास काचेतूनही येत होता.

"आता तरी विचारणार नाहीत," अर्लीन पुटपुटली आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

मयताच्या घरून निघालेल्या माणसाला कुणी दारापर्यंत सोडायला जात नाही. म्हणून आई पायरीवरूनच ओरडली, "वाटेत कुठेतरी थांब गं! बेकरीत शीर, पाव घे, मग पुढं जा. पाठीशी काही आलं असेल तर तिथंच झटकून टाक!"

"हो, नानाय, हो!"

पण माणसांनी खचाखच भरलेली जीपनी पुलावर अडकली. नव्या पांढऱ्या बुटांनी टाचा सोलल्या. समोरचा माणूस मांडीवर कोंबडा घेऊन बसला होता आणि तो कोंबडा अर्लीनच्या इस्त्रीच्या झग्याकडे टक लावून बघत होता. बेकरी आली तेव्हा मुलाखतीला दहाच मिनिटं उरली होती. आता कुठलं थांबणं? मयतावरून थेट घरी जायचं नाही, एवढंच ना, तिनं स्वतःला समजावलं. हॉस्पिटल म्हणजे काही घर नव्हे. जे काय झटकायचं ते तिथं झटकू. मी काय तिथं राहायला चाललेय?

हॉस्पिटलच्या फाटकाशी म्हातारा पहारेकरी होता. सगळे त्याला मनोंग तिबो, म्हणजे तिबोदादा म्हणत. त्यानं मुलाखतीचं पत्र बघितलं आणि मान हलवली.

"घरची माणसं आत नेता येणार नाहीत, इंदाय. मुलाखत आहे, लग्नाची बोलणी नाहीत. आजींना खालीच बाकावर बसव."

"कुठल्या आजी? मी एकटी आलेय."

तो तिच्या खांद्यामागे बघत राहिला. मग त्यानं नजर वळवली. "बरं," तो म्हणाला. "एकटी तर एकटी."

हेही एक असतंच, अर्लीनला वाटलं. जगातली सगळी चक्रम माणसं आजच भेटायची होती.

ती आत शिरली आणि वीज गेली. भर दुपारचे बारा, पण त्या लांबोडक्या बोळात खिडकी नव्हती, आणि जनरेटर फक्त ऑपरेशनच्या खोलीपुरता. अंधार फिनेलच्या वासासारखा सगळीकडे पसरून राहिला. डोळे सरावल्यावर तिला दिसलं, भिंतीला टेकून माणसं उभी आहेत. रुग्णांचे नातेवाईक, पाय सुजलेली एक बाई, कडेवर पोर घेतलेला एक बाप. आणि समोर भलंमोठं लाकडी बाक रिकामं.

माणसं मूर्ख असतात हे तिला ठाऊक होतं. इतकी असतील असं वाटलं नव्हतं. ती तडक जाऊन बाकाच्या टोकाला बसली.

पाय सुजलेली बाई हळूच म्हणाली, "बाई... नको बसूस तिथं."

"का? कुणाची जागा आहे?"

"भरलेलं आहे..."

अर्लीननं कपाळावर हात मारून घेतला. आणि तेवढ्यात कुणीतरी जरासं सरकून जागा करून द्यावी, तसं तिच्याशेजारचं लाकूड कुरकुरलं. कापूर-पुदिन्याचा वास आला. अगदी जवळून.

टप्.

ती उठून उभी राहिली. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला, म्हणून बरं.

मुख्य नर्स पानिसालेस मॅडम मेणबत्तीच्या उजेडात बसल्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं. "तेल चोळून आलीस?"

"नाही, मॅडम."

"अनुभव?"

"नाही, मॅडम. पण ही जागाच शिकाऊ नर्सची आहे ना?"

"शिकाऊ आहे म्हणून काय रुग्णांवर हात साफ करणार? अगं, शंभर जणांचं बीपी बघितल्याशिवाय हात बसत नाही. तू किती जणांचं बघितलंस?"

टप्. अर्लीनच्या मागेच. मॅडमनी दाराकडे बघितलं आणि मेणबत्ती जवळ ओढली. "बाहेर कोण आहे?... असू दे. चल वॉर्डात. तोंडाच्या वाफा पुरे."

वॉर्डात ताताय कार्यो नावाचा म्हातारा होता. हृदयाचा रुग्ण, आणि सगळ्या नर्सना पुरून उरलेला. गोळी पुढं केली की तो तोंड मिटायचा, दिली तर थुंकायचा. मॅडमनी गोळ्यांची वाटी अर्लीनच्या हातात दिली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. म्हणजे हीच परीक्षा होती, आणि नापास करायला माणूस निवडूनच ठेवला होता.

"ताताय, गोळी घ्या."

"तूच घे."

"ताताय, मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. माझ्या टाचा सोलल्यात. तुम्ही गोळी घेतली नाहीत तर माझी नोकरी जाईल, आणि ती अजून लागलेलीसुद्धा नाही!"

म्हातारा खदखदून हसायला लागला. हसता हसता त्याची नजर तिच्या मागे गेली आणि हसू विझलं.

"घेतो," तो घाईघाईनं म्हणाला. "घेतो, बाई... पंखा खाली ठेवा."

त्यानं गोळी घेतली, पाणी प्यायला आणि जीभ बाहेर काढून दाखवली. अर्लीनला नव्हे, तिच्या मागच्या मोकळ्या जागेला.

पानिसालेस मॅडमनी रिकामी वाटी परत घेतली. मग म्हणाल्या, "तुझ्यात काहीतरी जरब आहे पोरी. सोमवारपासून ये. बाडबिस्तरा घेऊनच ये. वरच्या मजल्यावर क्वार्टर आहे, शिकाऊ नर्सला वर्षभर तिथंच राहावं लागतं. आता हेच तुझं घर समज."

अर्लीनला आनंदानं ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं, आणि मग शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं.

फाटकाशी ती थांबली. "मनोंग," तिनं विचारलं, "त्या बाकावर कुणी का बसत नाही?"

तिबोनं आधी इकडेतिकडे बघितलं. "मयतावरून थेट घरी कोण जातं, इंदाय? कुठंतरी थांबायलाच हवं. आणि हॉस्पिटलात कुणाचं ना कुणाचं माणूस पडलेलंच असतं. येतात, पाच मिनिटं भेटतात, झटकून घरी जातात." त्यानं आतल्या बोळाकडे बोट दाखवलं. "माणसं घरी जातात. बाकीचे इथंच..."

"आणि त्यांचं पुढं काय होतं?"

"काय होणार? बसून असतात. त्यांना उठवणारं कुणी नव्हतं आजवर."

आईला सांगितलं तेव्हा तिनं डोकंच धरलं. "इतकं सांगून, इतकं ओरडून! झटकायचं ते झटकलंस कुठं, तर जिथं राहायचं तिथंच? ती जागा सोड!"

"दोन वर्षं, नानाय! दोन वर्षं सगळ्या जिवंत बायकांची बोलणी खाल्ली. आता एका मेलेल्या बाईसाठी कुवेतला जाऊ?"

ती गेली नाही. तिया पुरिंगना सोमवारी सकाळी मूठमाती दिली आणि दुपारी अर्लीन पत्र्याची ट्रंक घेऊन क्वार्टरवर राहायला आली.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. डोक्यावर काम इतकं होतं की भुताला भेटायला फुरसत नव्हती. चादरी, बेडपॅन, सलाईन, मॅडमची बोलणी. बीपी बघताना तिचा हात अडखळला की मॅडम म्हणायच्या, "शंभर, पोरी. आधी शंभर." ताताय कार्यो मात्र तिच्याकडून गोळ्या घ्यायचा, मुकाट.

मग एका दुपारी पुन्हा वीज गेली. अर्लीनची पाळी दोनला सुरू होणार होती. खोलीचं दार लोटून, खिडकी झाकून ती खाटेवर बसली होती. कॉलेजातलं बीपीचं यंत्र मांडीवर होतं. स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून सराव करावा म्हणून तिनं तो उलगडला.

दाराबाहेरच्या बोळातून वास आला. कापूर, पुदिना.

"तिया," ती वैतागून म्हणाली, "लागली नोकरी. ऐकलंत? लागली! आता तरी जा."

वास हलला नाही. जिन्यावर मात्र पावलं वाजत होती. एकाची नव्हती ती. घासत, थांबत, पुन्हा एक पायरी... दवाखान्यातल्या रांगेसारखी.

दार आपोआप अर्धं उघडलं. अंधारात टप् वाजलं.

तिच्या हातातल्या पट्ट्याला वजन आलं. तिनं बांधला नव्हता, तरी तो कशाभोवती तरी गोल झाला. आत काही दिसत नव्हतं. गारवा मात्र बोटांना लागत होता, बर्फावरच्या मासळीसारखा. ओरडायला हवं होतं. पण शिकलेले हात असतात ना, ते माणसाला विचारत नाहीत.

"हात सैल सोडा," तिच्याच तोंडून निघालं.

तिनं फुगा दाबला, हवा सोडली, स्टेथोस्कोप लावून ऐकलं. काटा घसरत घसरत थेट शून्यावर आला. ठोका नाही.

टप्. वजन गेलं. दुसरं आलं. हा दंड जाड होता. शून्य. टप्. मग हाडकुळा, म्हातारीचा असावा. शून्य. टप्. टप्. तिच्या पाठीवरून घाम वाहत होता आणि हात मात्र झपाझप सरावत होते. बाहेर बोळात कुणीतरी कंटाळून पाय बदलल्याचा आवाज येत होता. तिया पुरिंग अख्खं बाक उठवून वर घेऊन आल्या होत्या. पोरीला अनुभव नाही म्हणतात काय!

"पुरे, तिया..." ती रडकुंडीला आली. "पुरे ना..."

टप्.

पुढचा दंड आला तो गार नव्हता. कोमट होता. तिनं फुगा दाबला, हवा सोडली आणि कानात ठोका लागला. मंद, अडखळत, पण ठोका. आणि या वेळी पंखा मिटला नाही. बराच वेळ तसाच उघडा राहिला असावा, कारण तिच्या गालावर वारा येत होता... मग पट्टा रिकामा झाला आणि वीज आली. बोळात कुणी नव्हतं.

ती धावतच खाली गेली. वॉर्डात जेवणं चालली होती. ताताय कार्यो उशीला टेकून भाताची पेज पीत होता. त्याची डावी बाही वर गुंडाळलेली होती आणि दंडावर पट्ट्याचा लालसर वळ होता.

"ताताय... तुमचं बीपी आत्ता कुणी बघितलं?"

"आता हे विचारायची काय गरज आहे?" म्हातारा तडकला. "इतक्या पायऱ्या चढायला लावता आजारी माणसाला! वर ती भलीमोठी रांग, बसायला एक स्टूल नाही. पाय मोडून आले. आणि नंबर लागल्यावर त्या तुझ्या आजी काय म्हणतात? अजून जरा बाकी आहे, परत जा!"

अर्लीननं खाटेचा कठडा धरला. "मग... झालं तर."

"कसलं झालं?" तो बाही खाली ओढत कुरकुरला. "उद्या दुपारी परत बोलावलंय."