अंधारात उचललेलं लेकरू

"मनू, हीच ती आज्जी... पोटचं लेकरू मागं ठेवून हिनं मला बाहेर काढलं!" नांदेडच्या जुन्या किल्ल्याच्या दरवाज्याशी शिवमूर्तीनं आपल्या सात वर्षांच्या मनस्विनीला सांगितलं, आणि गुरम्माच्या काळजात पुन्हा एकदा कळ उठली...

नवरा आधीच गेला होता; किल्लारीच्या भूकंपात दीर-जाऊ गेले, तिचा एकुलता लेक मन्मथ गेला. पुतण्या शिवमूर्ती तेवढा वाचला. तेव्हापासून सव्वीस वर्षं लोकांनी तिला देव्हाऱ्यात बसवलं होतं! लातुरात क्लासच्या पोरांचे डबे करून तिनं त्याला शिकवलं. आता त्याच्याच फिजिक्सच्या क्लासला रांगा लागत. दिवाळीच्या सुटीत घरच्यांना नांदेड दाखवायला आणून तो सकाळपासून गल्लोगल्ली फळ्यासमोर उभा असल्यासारखा इतिहास सांगत होता. मास्तर कुठंही गेला तरी मास्तरच!

पण दगडी कमानीखालून जायला गुरम्माचे पाय उचलेनात. दगडांखालून कुणीतरी "माय, माय" म्हणत होतं... दगड दिसले की ते म्हणायचंच.

"आज्जी, पण अंधारात तू बाबांना ओळखलंस कसं?" मनस्विनीनं सहज विचारलं.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. गुरम्मा पायरीवर बसली.

"न्हाई वळखलं," ती शिवमूर्तीकडे बघून म्हणाली. "मन्मथच्या पांघरायच्या वाकळीला गोंडे होते. हाताला गोंडे लागले, अन् माझंच लेकरू म्हणून वाकळीसकट उचलून पळाले. भाईर येऊन बगते, तर तू... माघारी वळाले, तवर घर बसलं. शिवा, मी तुला वाचवायला गेलेच नव्हते रं. लई खोटी हाय मी."

शिवमूर्ती पांढराफटक पडला. आता हाही आपल्याला तोडणार, या भयानं तिचा जीव कासावीस झाला; या जगात तिला दुसरं होतं तरी कोण! पण तो तिच्या पायांशी बसला.

"काकू, ती वाकळ मीच वढून घेतली होती. मला हीव भरलं होतं. मन्मथ झोपेत रडला... तरी मी दिली न्हाई."

सव्वीस वर्षं दोघं एका ताटात जेवले, आणि दोघांनीही हेच एकमेकांपासून लपवलं होतं. गुरम्मानं त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"हीव भरलं होतं," ती म्हणाली, "तर मला उठवायचं न्हाई का रं, लेकरा?"