एरियलच्या नटाखाली

तो मोबाइल खाली ठेव, मग सांगतो. आणि मधे कोणी दात काढले तर उठून जाईन.

माझा साडू गाड्यांचे रेडिओ दुरुस्त करायचा. हात सोन्याचा, जिभेला मात्र हाड नाही. त्याच गॅरेजमध्ये त्याचा धाकटा भाऊ पत्रा ठोकून गाड्या रंगवायचा. पाटीवर दोघांची नावं.

एका डॉक्टरीणबाईंची गाडी रंगवून झाली, साडूने एरियलची नवी वायर जोडली, तरी रेडिओ खरखरतच होता. एरियलच्या बुडाला उघडा पत्रा लागायला हवा. मधे रंग राहिला की स्टेशन नीट लागत नाही. धाकटा म्हणाला, "दादा, मी घासलंय. नट काढून बघ."

साडूने बघितलं नाही. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला कामचुकार म्हणाला, हाकलून दिलं, वर पाटीवरच्या त्याच्या नावावर हिरवा रंग फासला. बाई घाईत होत्या, गाडी तशीच घेऊन गेल्या. अरे, एक नट! दोन मिनिटांचं काम. मला तेव्हाही संताप आला होता, आजही येतो. पण मी तिथे उभा राहून गप्प बसलो, हेही खरं.

तीन महिन्यांत धाकटा तापाने गेला. शेवटपर्यंत दादाचं नाव घेतलं नाही त्याने.

सहा वर्षांनी तीच गाडी परत आली, तीच खरखर घेऊन. मंगळवार, नोव्हेंबरची बारा तारीख. रात्री पावणेअकराला साडू एकटाच गाडीत कामाला बसला. शटर आतून बंद. "स्वतः सुटला, निस्तरायला मला ठेवलं," असं पुटपुटत त्याने रेडिओ लावला आणि मागून एरियलची वायर उपटली. वायर काढली की उरलंसुरलं स्टेशनही जातं, फक्त खरखर राहते.

खरखर थांबली.

मग स्पीकरमधून आवाज आला. घस्... घस्... पॉलिशपेपर पत्र्यावर घासल्यासारखा.

साडूने रेडिओ बंद केला. आवाज चालूच. आता बाहेरून. मडगार्डवरून. एरियलपाशी.

तो उतरला. कोणी नव्हतं.

घस्... घस्...

"कोण आहे?"

त्याने पाना घेतला. नट काढला. बुडाखाली पत्रा लख्ख. रंगाचा ठिपका नाही.

मग त्याने उपटलेली वायर दिव्याखाली धरली. टोकाशी वायरीवरची तारांची जाळी जोडलीच नव्हती, खरखर त्यामुळेच होती. सहा वर्षांपूर्वीचं त्याचंच काम. स्वतःच्या हातावर कोण संशय घेतो?

"चुकलं रे माझं," तो म्हणाला. मोठ्याने.

आवाज थांबला नाही. वाढला. आता शटरबाहेर. वर. पहाटेपर्यंत.

साडू गाडीत बसून राहिला. काचा वर करून.

सकाळी सातला त्याचा फोन आला, मी धावत गेलो. शटर मीच वर करायला लावलं. पाटी जमिनीपासून बारा फूट, शिडी आत कुलपात. हिरवा रंग तेवढाच घासून काढलेला, खाली धाकट्याचं नाव स्वच्छ. एक अक्षर खरवडलेलं नव्हतं.

खाली पायरीवर हिरवी भुकटी पडली होती. तिच्यावर पाऊल एकही नव्हतं.