दादांच्या पानावर रामकिसन

भूत रात्रीच येतं असं समजणाऱ्यांनी केदारखेड्यातली पित्तरपाटाची, म्हणजे पितृपक्षातली दुपार पाहिलेली नसणार. त्या दुपारी कल्याणमास्तर निघाला होता तो साध्याच कामाला, रामकिसनला जेवायला बोलवायला. ज्याचं पित्तर असेल त्याच्या वयाचा गावातलाच एक माणूस पाटावर बसवायचा, गंध लावायचं आणि पोटभर जेवू घालायचं, अशी तिथली रीत. जेवण होईस्तोवर तो माणूस म्हणजेच मेलेला माणूस. त्याला हाकही त्याच नात्यानं मारायची. कल्याणच्या वडलांच्या, म्हणजे कचरूदादांच्या पाटावर आजवर कडूबा बसायचा. यंदा कडूबा लेकीकडं घनसावंगीला गेलेला, म्हणून रामकिसन.

निघताना दारात अर्पिता आडवी आली. सोळा वर्षांची लेक, हातात घडी घातलेला कागद. परभणीला जिल्हा संघांचं कबड्डीचं शिबिर होतं, कागदावर पालकाची सही हवी होती आणि उद्याची तारीख शेवटची होती. हे आजीला माहीत होतं, आईला माहीत होतं. पालकाला तेवढं माहीत नव्हतं.

"काय गं?"

"काही न्हाई, पप्पा."

कागद ओढणीखाली गेला. आपली लेक बडबड करत नाही याचा कल्याणला अभिमान होता. दादांनी त्याला पट्ट्यानं, कासऱ्यानं, एकदा तर ओल्या टॉवेलनं फोडून काढलं होतं. म्हणून त्यानं शपथच घेतली होती, लेकराच्या अंगाला बोट लावायचं नाही. आणि खरंच, कधी लावलं नव्हतं. तो फक्त बघायचा. त्यानं बघितलं की शाळेत साठ पोरं गप्प बसायची आणि घरात चालू मिक्सर कुणीतरी अर्ध्यात बंद करायचं.

रामकिसन ओट्यावर बसला होता. बोलावणं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर, मी न्हाई बसत बा. तुमचे दादा जित्तेपनी समोर दिसले तं मी गल्ली बदलायचो. आन् आता त्यांच्याच पाटावर?"

"काका, अठरा वरीस झाले त्यांला जाऊन."

"तेच तं. अठरा वर्साचा राग साचला आसंल."

पण खिरीचं नाव निघालं, भज्यांचं निघालं, आणि रामकिसननं टोपी झटकली. पोटापुढं भुताचंही काही चालत नाही.

पान वाढलं तेव्हा बरोबर लाईट गेली. पंखा दोन फेरे घेऊन थांबला. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकले होते, त्याचा खमंग, जरासा जळकट धूर खोलीत कोंडून राहिला. पत्र्यावर कावळा होता, पण ओरडत नव्हता. गल्लीतलं एक कुत्रंही भुंकेना. दैवशालानं, कल्याणच्या बायकोनं, कढी वाढली. उषाबाई, कल्याणची आई, आत चुलीपुढं भजी तळत होती. तळणाचा तेवढा आवाज.

"जेवा दादा," कल्याण रीतीप्रमाणं म्हणाला.

रामकिसननं कढीचा भुरका मारला. मग थांबला. मान खाली होती. आणि त्याच्या घशातून खाकर निघाली... दोनदा आखूड, एकदा लांब.

तळणाचा आवाज बंद झाला. उषाबाईनं झारा वर उचलून धरला होता. ती खाकर घरातल्या मोठ्यांच्या ओळखीची होती. तिच्यामागून काय येतं तेही ओळखीचंच होतं.

"मीठ..." रामकिसन म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "मीठ कोन टाकायचं?"

दैवशाला दाराआड गेली. कल्याणचं म्हणाल, तर सेहेचाळीस वर्षांचा हा मुख्याध्यापक भिंतीला पाठ लावून, दोन्ही कान धरून उभा होता. कधी उठला, कधी कान धरले, त्याचं त्याला कळलं नाही. रामकिसनची बोटं हळूहळू ताटाखाली सरकत होती. पुढं ताट भिंतीवर आदळायचं, मग कुणाच्या तरी पाठीवर पट्टा.

उषाबाई उठली. पदर खोचला. पाटासमोर येऊन उभी राहिली.

"डबा चुलीपशी हाय. उठा, आन् हातानं घ्या."

"कोनाला म्हनून राह्यली?"

"तुम्हालाच. चाळीस वरीस मी उठले. आता माझे गुडघे दुखतेत."

पत्र्यावरचा कावळा उडाला. मग ताटाखालची बोटं मागं आली, आणि पित्तर पाटावरून उठलं, खाली मान घालून चुलीकडं गेलं. डब्यांचा खडखडाट झाला. एक झाकण पडलं, गोल फिरत राहिलं. बऱ्याच वेळानं तोच जरबेचा आवाज, पण अंमळ बावरलेला, आतून आला:

"ह्यातलं... मिठाचं कोनतं?"

दादांनी उभ्या जन्मात ती डब्यांची फळी पाहिली नव्हती.

"चाखून बघा," उषाबाई म्हणाली.

आतून थू थू ऐकू आलं. तो सोड्याचा डबा होता.

बाहेर आला तो रामकिसनच, डोळे चोळत. "मास्तर, मी आत कव्हा गेल्तो? आन् तुम्ही कान धरून कामून उभे?"

तेवढ्यात कोपऱ्यातून हसण्याचा फवारा उडाला. अर्पिता! बापासमोर ती आजवर अशी कधी हसली नव्हती. मग उषाबाई हसली, दाराआडून दैवशाला हसली, आणि कल्याणनं कान सोडले आणि तोही हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं त्याला. गेले एकदाचे दादा, असं वाटलं.

त्याच भरात अर्पितानं कागद पुढं केला. "पप्पा... परभनीला शिबिर हाय. सही पायजे."

कल्याणनं वाचलं. लेक जिल्ह्याच्या संघात! त्याला भरून आलं. "येडी का काय तू? यवढ्यासाठी घाबरून राह्यली व्हय?" म्हणत त्यानं खिशातला पेन काढायला झटकन हात वर केला.

आणि अर्पिता खाली बसली. डावा कोपर कानावर, उजवा तळवा टाळूवर, हनुवटी छातीत रुतलेली, तोंड भिंतीकडं.

हसणं जागच्या जागी थांबलं. दादा उजव्या हातानं मारायचे, पहिला फटका डाव्या कानावर यायचा. म्हणून ही बैठक कल्याणनं सातव्या वर्षी शेतातल्या आखाड्यावर, गोठ्याजवळच्या कडब्याच्या गंजीमागं एकट्यानं बसून बसवली होती. कुणाला कधी दाखवली नव्हती, सांगितली नव्हती.

"बाई... कोनी शिकवलं तुला हे?"

"काय, पप्पा?" अर्पितानं कोपर खाली घेतला, त्याच्याकडं बघितलं. "हे व्हय? माहीत न्हाई. तुम्ही हात वर केला का आपोआप व्हतंय... ल्हानपनापसून."

कल्याणनं पेन हळूहळू, अगदी हळूहळू खाली आणला. मग सही केली.

दादा गेल्यावर दोन वर्षांनी अर्पिताचा जन्म झाला होता.